चौथं नाव

१

हे लिहायचंच नाही असं उमाशंकरनं जवळजवळ पक्कं केलं होतं. दोनदा मोबाईलवर टाईप केलं, दोनदा पुसून टाकलं. चोर सापडल्यावर आनंद झाला असता तर लिहिणं सोपं गेलं असतं. आनंद झाला नाही. पण गप बसवेना. म्हणून सोमवारपासून.

सोमवारी सकाळी साडेदहाला नांदेडच्या त्या विद्यापीठातल्या फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये उमाशंकर नेहमीसारखा संगणकापुढं बसला होता. तो तिथला कंत्राटी ऑपरेटर. शिक्षण बी.ए., पण संगणक मोबाईलवर बघून बघून शिकलेला. दर मार्चला त्याचा करार संपायचा आणि दर एप्रिलला विभागप्रमुखांच्या सहीनं परत चालू व्हायचा. तेवढ्यात लॅबमधून दामिनीचा आवाज आला.

"उमा! वही न्हाई!"

"कोणती?"

"कोणती काय विचारतो? रीडिंगची! सहा वर्षांची!"

दामिनी रेणापूरकडची, इथं पीएच.डी. करायची. काचेच्या पट्टीवर रसायनाचा पातळ थर द्यायचा, भट्टीत तापवायचा आणि उजेडात धरला की किती वीज निघते ते मोजायचं, असं तिचं काम. मीटर जुनं, त्यामुळं आकडे हातानंच वहीत उतरवायचे. प्रत्येक पानावर गाईडची, म्हणजे अप्पांची, सही. या डिपार्टमेंटची पद्धतच तशी होती. फायनलच्या आधी कमिटीपुढं बसताना मूळ वही टेबलावर ठेवावी लागायची.

कपाट बघितलं. कुलूप जागच्या जागी, कुठं ओरखडासुद्धा नाही. आत काचपट्ट्या होत्या, पेन होतं, अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा होता. फक्त वही नव्हती.

"मोबाईलवर फोटो असतील ना?"

"हायत, पण फोटो चालत न्हाईत. आणि शेवटच्या पानांचे तर काढलेलेच न्हाईत. गुरुवारी संध्याकाळी एक शेवटचं रीडिंग घेतलं, उमा. असलं भारी आलं की मी एकटीच लॅबमध्ये नाचले. कोणाला बोलले सुद्धा न्हाई. म्हटलं मंगळवारी वही लातूरला नेते, अप्पांची सही घेते, मग सांगते सगळ्यांना. शुक्रवारी सकाळीच गावाकडं गेले, ती आत्ता आले."

"कमिटी कधी हाय?"

"या शुक्रवारी." ती स्टुलावर बसली. "महिनाअखेरीला माझं रजिस्ट्रेशन संपतंय. एकदा वाढवून झालंय, परत वाढत न्हाई. वही न्हाई तर सहा वर्षं गेली."

२

कपाटाच्या चाव्या दोन. एक दामिनीच्या पर्समध्ये, दुसरी लॅबचे शिपाई ग्यानोबामामांच्या खोलीत खिळ्याला.

"मामा, शुक्रवार-शनिवार कोण आलतं?"

"कोणीच न्हाई."

"नीट आठवा."

"परकं मानूस मी आत येऊ देतो का रे? सतरा वर्षं झाली मला. चावी हाय बघ खिळ्याला. तिला काय पाय फुटले?"

"परकं नका सांगू. आपल्यातलं कोण?"

"आपली मानसं येतात, जातात. मनिषा मॅडम आल्त्या, संगमेश्वर सर आल्ते, आदिनाथ सर तर खोलीतून हलतच न्हाईत. आपल्या मानसायची मी हजेरी घेत न्हाई बाबा."

विभागप्रमुख बालाजी सर. कंधारचे, गोड बोलणारे, पण एकदा नाही म्हणाले की नाही. दोघं त्यांच्याकडं गेले तेव्हा त्यांनी माहूरचा प्रसाद दामिनीच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "पोलीस-बिलीस काही नको. पुढच्या आठवड्यात तपासणी कमिटी येऊन राहिली. वही काय, कुठं तरी ठेवली असशील. सापडंल."

"सर, शुक्रवारी..."

"बघू म्हटलं ना. उमाशंकर, तुझं काम कुठवर आलं?"

या तपासणीसाठी त्यांनी उमाशंकरला एक नकाशा करायला लावला होता. डिपार्टमेंटमधल्या कोणी कोणासोबत मिळून पेपर लिहिले, त्याचा. प्रत्येक प्राध्यापक म्हणजे एक ठिपका. दोघांची नावं एका पेपरवर आली की मध्ये एक रेघ. जितके पेपर तितकी रेघ जाड.

"आपल्यात किती एकी हाय ते दिसू दे त्यायला," सर म्हणाले. "आणि तारखा टाकू नको. गिचमिड होतं."

उमाशंकर मान हलवून बाहेर आला. दामिनी जिन्यात उभी होती. रडत नव्हती, नखं खात होती.

"हे लोक शोधणार न्हाईत, उमा. तू शोध."

"मी? मी ऑपरेटर हाय बाई."

"म्हणूनच. तुझ्यापुढं सगळे बोलतात. तू बसलेला हायस हे कोणाच्या ध्यानातच नसतं."

३

मंगळवारी सकाळी त्यानं नकाशा पुरा केला आणि मागं रेलून बघत बसला.

चार ठिपके एकमेकांना दोरखंडानं बांधल्यासारखे. महादेवप्पा, बालाजी, मनिषा, संगमेश्वर. महादेवप्पा सर म्हणजे दामिनीचे गाईड, दोन वर्षांमागं रिटायर होऊन लातूरला गेलेले. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. पाचवा ठिपका कोपऱ्यात एकटा, एकही रेघ नाही. आदिनाथ सर.

कोणाशी पटत नाही, कोणासोबत लिहीत नाही, चहा सुद्धा एकटा पितो. शिवाय दिवसभर लॅबला लागून असलेल्या खोलीत. उमाशंकरच्या डोक्यात ठिणगी पडली आणि तो तडक त्यांच्या दारात.

"सर, एक विचारायचं होतं."

"वहीचं ना? ये. कालचा अख्खा दिवस गेला, म्हटलं अजून माझ्याकडं कसं कोणी आलं न्हाई!" आदिनाथ सरांनी चष्मा काढला. "कपाट उघडू का? बॅग बघतो? एकट्या माणसावर संशय घ्यायला लई सोपं असतं."

उमाशंकर ओशाळला. "तसं न्हाई सर."

"तसंच हाय. बरं, तू नकाशा करून राहिला ना? मग सांग, मनिषा मॅडमचा विषय काय?"

"आवाज. पातळ पदार्थातून आवाज कसा जातो ते."

"मग काचेवरच्या थराच्या पेपरात त्यांचं पहिलं नाव कसं?"

उमाशंकरनं डोकं खाजवलं.

"बालाजी सरांनी तारखा टाकू नको म्हणून सांगितलं असंल. तू टाक. आणि मग मला येऊन सांग मी एकटा कामून हाय ते."

तो परत संगणकापुढं बसला. दर सहा महिन्यांनी एक पेपर. प्रत्येक पेपरवर हीच चार नावं. बदलायचं फक्त पहिलं नाव. त्यानं तारखांप्रमाणं पहिली नावं एका खाली एक लावली.

महादेवप्पा, बालाजी, मनिषा, संगमेश्वर.
महादेवप्पा, बालाजी, मनिषा, संगमेश्वर.
बालाजी, मनिषा, संगमेश्वर.

काम कोणतंही असो, विषय कोणताही असो, पाळी चुकत नव्हती. शेवटच्या ओळीत अप्पांचं पहिलं नाव नव्हतं, ते रिटायर झाले होते. तरी त्या तीनही पेपरांवर चौथं नाव त्यांचंच होतं. आदर म्हणून टाकत असतील, उमाशंकरला वाटलं.

त्याची आई शिवम्मा गल्लीतल्या बारा बायकांची भिशी चालवायची. असलीच यादी त्यानं लहानपणापासून भिंतीवर चिकटवलेली बघितली होती. तो खुर्चीतून उठलाच.

"च्यायला! ही भिशी हाय!"

पोरांच्या वह्यांतून पेपर निघायचा, पहिलं नाव पाळीप्रमाणं, बाकी तिघं मागं. प्रमोशनला पहिल्या नावाचे गुण जास्त. आदिनाथ सर भिशीत बसले नव्हते, म्हणून एकटे.

आणि नवा पेपर याच महिन्यात यायचा होता. ज्याची पाळी, त्याला एक वही लागणार होती. संगमेश्वर सरांनंतर कोण? त्यानं यादीवर बोट ठेवलं.

बालाजी सर.

४

"ये उमाशंकर. झाला नकाशा?"

"झाला सर. सर, शनिवारी तुम्ही..."

"माहूरला होतो, सगळं घर घेऊन. शुक्रवारी दिवसभर कुलगुरूंकडं मीटिंग. कामून?" सरांनी त्याच्याकडं नीट बघितलं. मूर्ख नव्हते ते. "दामिनीनं पाठवलं का तुला? अरे, मी शेवटच्या ग्रेडला हाय. दीड वर्षात घरी जाणार. मला पेपर घेऊन काय लोणचं घालायचंय? आणि या वेळी माझी तर..."

सर थांबले.

"तुमची काय सर?"

"काही न्हाई. जा, काम कर. मार्च जवळ आलाय."

ते शेवटचं वाक्य त्यांनी हसत म्हटलं, पण करारावरची सही त्यांचीच होती.

संगमेश्वर सर रोज लातूरहून यायचे-जायचे. गेला आठवडाभर त्यांच्या हातात एक बंद डबा असायचा आणि तो ते कोणाला धरू द्यायचे नाहीत. उमाशंकरनं जिन्यात गाठलंच. सरांनी चिडून झाकण उघडलं. बर्फ आणि त्यात वडिलांची इन्सुलिनची इंजेक्शनं.

"झालं समाधान? अरे, माझी पाळी मागच्याच खेपेला झाली," ते बोलून गेले आणि जीभ चावली.

मनिषा मॅडमनी मात्र त्याला आत बोलावून दार लावून घेतलं.

"तुला कळलंय, मला माहितीय. सहा वर्षांपूर्वी मी बसले यात. पोरगी लहान होती, प्रमोशन अडलं होतं. एक नियम सुरुवातीलाच ठरला, उमाशंकर. कोण पेपर कुठून आणतो, हे विचारायचं नाही. मी कधी विचारलं नाही." त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. "या वेळी कोण आणतंय तेही विचारलं नाही. नुसता निरोप आला, चार दिवसांत पेपर तयार होतोय म्हणून."

"निरोप कोणी दिला?"

"बालाजी सरांनी. पण त्यांना कोणी दिला, ते नको विचारू."

संध्याकाळी दामिनी फोटोंवरून आकडे परत कागदावर उतरवत बसली होती. बोटं शाईनं निळी झाली होती.

"एकच रस्ता हाय," ती म्हणाली. "अप्पांनी पत्र दिलं की वही मी बघितलीय, पानापानावर माझी सही हाय, तर कमिटी ऐकंल कदाचित. मी इथून हलू शकत न्हाई. तू जातो का लातूरला?"

५

बुधवारी लोहा-अहमदपूर करत एसटी लातूरला पोचली तेव्हा अकरा वाजले होते. अप्पांचं घर बाजारात, खाली भावांचं सरकी-पेंडीचं दुकान. अप्पांनी नुकतीच पूजा आटोपली होती, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओलेच होते. उमाशंकर पाया पडला.

"ये रे बाळा. बस. अगं, चहा टाक, नांदेडचं मानूस आलंय."

त्यानं सगळं सांगितलं. वही गेली, शुक्रवारी कमिटी, पत्र पाहिजे. भिशीचं मात्र बोलला नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास.

अप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मग लगेच कागद घेतला आणि सुरेख अक्षरात पत्र लिहून दिलं.

"अप्पा, तुम्ही परत कॉलेजला जायला लागलात म्हणं?" भिंतीवर नवा कोट अडकवलेला बघून उमाशंकरनं विचारलं.

"अजून न्हाई. इथलं एक खाजगी कॉलेज संशोधनाचा प्रमुख करायचं म्हणतंय. बघू. घरी बसून मानूस कुजतं रे. खाली दुकानात बसलो तर भाऊ म्हणतात, अप्पा तुम्ही वर जा, गिऱ्हाईक अवघडतं." ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "दामिनीला सांग, धीर सोडू नको. फोटोंवरून बाकीचं जुळंल. ते तीनशे वीस अंशावरचं तरी तिला तोंडपाठ असंलच."

"सांगतो," म्हणून उमाशंकर उठला.

दाराशी अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "शुक्रवारीच हाय का नक्की? पुढं ढकलत न्हाईत?"

"न्हाई अप्पा. मुदत वाढत न्हाई."

"मला वाटलं वाढते," अप्पा म्हणाले.

६

चारला तो नांदेडात. दामिनीनं पत्र वाचलं, कपाळाला लावलं.

"आणखी काय म्हणाले?"

"धीर सोडू नको म्हणाले. तीनशे वीस अंशावरचं तुला तोंडपाठ असंल म्हणाले."

दामिनीच्या हातातलं पत्र खाली आलं.

"काय म्हणाले?"

"तीनशे वीस."

"उमा, मी तीनशेपर्यंतच तापवत होते. सहा वर्षं. अप्पांनीच सांगितलं होतं, वर जाऊ नको, थर जळंल. गुरुवारी पहिल्यांदा, माझ्या मनानं, तीनशे वीसला नेला. ते वहीतच हाय. फक्त वहीत."

उमाशंकरनं स्टूल ओढून घेतलं.

"फोनवर बोलली असशील."

"न्हाई."

"ग्यानोबामामाला?"

"मामाला तीनशे वीस काय कळतंय!"

उमाशंकर मामांच्या खोलीत गेला. या वेळी प्रश्न वेगळा विचारला.

"मामा, शनिवारी अप्पा आल्ते का?"

"हाव. आल्ते की. दामिनीच्या वहीवर सह्या राहिल्यात म्हणाले, मी कपाट उघडून दिलं. पिशवीत घातली, म्हणाले घरी निवांत करतो." मामा त्याच्या तोंडाकडं बघायला लागले. "कामून रे?"

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं कामून न्हाई?"

"तू म्हणला कोण आलतं! काय गेलं ते सांगितलंच न्हाईस. अप्पा काय *आले* म्हणायचं का? ते तर इथलेच. तीस वर्षं कुलूप त्यायनंच उघडलं."

उमाशंकरला आता आईची भिशी आठवली ती नीट. फेरीत एखादी बाई गावाला गेली तर बाकीच्या पुढं उचलतात. पण ती नाव काढत नाही तोवर तिची पाळी शिल्लक राहते, आणि फेरीच्या शेवटी तिचीच. तिसऱ्या फेरीत बालाजी, मनिषा, संगमेश्वर, तिघांनी उचललं होतं. रिटायर माणसाचं नाव तीन पेपरांवर चौथं म्हणून का चालू होतं? आदर नव्हता तो. अप्पा भिशीतच होते. बालाजी सर म्हणणार होते ते 'या वेळी माझी तर पाळीच न्हाई'. आणि त्या खाजगी कॉलेजला प्रमुख नेमताना ताजा पेपर लागणार, पहिल्या नावाचा.

त्यानं हे सगळं दामिनीला सांगितलं.

"दिवाळीत त्यांनी विचारलं होतं," शेवटी ती म्हणाली. "म्हणाले, या कामाचा पेपर करू, पहिलं नाव माझं टाक. मी म्हटलं, अप्पा, दोनदा दिलं, हा एक तरी माझा राहू द्या. हसले. डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, मिटलं."

"उद्या सकाळची पहिली गाडी," उमाशंकर म्हणाला.

"आणि त्यांनी न्हाई म्हटलं तर?"

वही परत आली नाही तर चोर माहीत असून काय करायचं होतं?

७

गुरुवारी अप्पांनी दोघांना दारात बघितलं आणि आत जाऊन कोट अंगात घातला. का घातला कोण जाणे. समोर येऊन ताठ बसले.

दामिनी पाया पडली नाही. तेवढ्यानंच त्यांना कळलं.

"अप्पा, तीनशे वीसचं रीडिंग मी कोणाला सांगितलं न्हाई."

उमाशंकरनं नुसतं म्हटलं, "शनिवारी मामांनी कपाट उघडून दिलं. तिसऱ्या फेरीत तुमची पाळी राहिली होती. बालाजी सरांना निरोप तुमचा."

"भिशी म्हणतो का रे तू त्याला?"

"तुम्ही काय म्हणता?"

"आम्ही काहीच म्हणत न्हाई. कधी नाव दिलं न्हाई." अप्पांनी गुडघ्यावरचे हात उलटे केले. "मी चोरली न्हाई दामिनी. माझ्याच सहीची वही हाय ती. पेपर गेला की परत ठेवणार होतो. तुला सहा महिने वाढवून मिळतील असं धरून चाललो. आमच्या वेळी मिळायचे."

"काल उमानं सांगितलं ना, मिळत न्हाईत म्हणून?"

"सांगितलं."

"मग काल कामून दिली न्हाई?"

आत फोडणीचा चर्र आवाज झाला. अप्पांची बायको डोकावली, पाहुण्यांची तोंडं बघून परत गेली.

"रात्रभर स्वतःला तेच विचारून राहिलोय मी," अप्पा म्हणाले. "मी तुला तीनशेवर थांबवलं. सहा वर्षं. माझंच चुकत होतं. ते पान उघडलं आणि वाटलं, हे मला दिसायला पाहिजे होतं. तिथं तुझं अक्षर बघवंना."

ते उठले, लोखंडी ट्रंक उघडली आणि वही आणून तिच्या पुढ्यात ठेवली. दामिनीनं घाईघाईनं पानं उलटली. शेवटच्या चार पानांवर सह्या झालेल्या होत्या, शनिवारच्या तारखेच्या. तीनशे वीसच्या पानावर सुद्धा.

"सह्या करायलाच नेतो म्हणालो होतो ग्यानोबाला," ते म्हणाले. "तेवढं खोटं बोललो न्हाई."

"पेपर पाठवला का?"

"न्हाई. बालाजीकडं मजकूर गेलाय. फोन करून थांबवतो." खिशातला मोबाईल त्यांनी काढला, पण नंबर लावायला त्यांना वेळ लागला. दामिनीनं तो त्यांच्या हातातून घेतला, नंबर लावला आणि परत त्यांच्या कानाला लावला. ते बोलेपर्यंत हलली नाही.

८

शुक्रवारी कमिटी दीड तास बसली. बाहेरून आलेल्या बाईंनी तीनशे वीसच्या पानावर बोट ठेवून विचारलं, इतकं वर न्यायचं धाडस कोणी सांगितलं? दामिनी म्हणाली, कोणीच नाही. बालाजी सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

मंजूर झालं.

कँटीनमध्ये दोन चहा घेऊन उमाशंकर आला तेव्हा ती बशीवर बोटानं रेघा मारत होती.

"पेढे कुठायत?"

"आणते. आधी एक ऐक. माझं झालं. पण माझ्या खाली दोन पोरी हायत. त्यांच्या वह्या त्याच कपाटात हायत, उमा. पुढच्या फेरीला बालाजी सरांची पाळी."

"मग?"

"सोमवारी कुलसचिवांकडं तक्रार देते. अप्पांचं नाव पण येईल त्यात. टाळता येत न्हाई, मी लई बघितलं टाळून." तिनं बशी बाजूला सरकवली. "पण माझ्या एकटीच्या सहीला ते म्हणतील, पोरीचा गाईडशी वाद झाला असंल. तारखांचा नकाशा तुझ्याकडं हाय. साक्षीला तू लागतोस. आणि मार्चमध्ये तुझ्या करारावर सही बालाजी सरांची. म्हणून विचारते. न्हाई म्हटलास तरी चालंल, मी रागावणार न्हाई."

"रागावशील."

"हाव, रागावीन. पण बोलणं सोडणार न्हाई."

उमाशंकरनं चहा एका घोटात संपवला. जीभ भाजली. घरी शिवम्मा काय म्हणेल, एप्रिलमध्ये काय करायचं, हे सगळं डोक्यात एकदम गर्दी करून उभं राहिलं आणि त्यानं त्या गर्दीकडं बघितलंच नाही.

"तक्रारीवर दोन नावं टाक," तो म्हणाला. "पहिलं तुझं, काम तुझं हाय. दुसरं माझं. सोमवारी दहाला मी कुलसचिवांच्या दारात उभा असतो, दामिनी. तुझ्या आधी."